मुद्दाम पाडलेला चेंडू

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं अशी आली की ती एकत्रच घ्यावीत. एक आईचं, एक वडिलांचं आणि एक खुद्द मुलाचं. तिन्हींत सर्कस आहे. आईच्या पत्राला उत्तर मोठं द्यावं लागणार, त्यामुळे बाकीच्या वाचकांना पुढच्या अंकापर्यंत थांबायला लावते आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मिरजेला राहतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. स्वभावाने फार बुजरी. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करत नाही. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या नाचात बाईंनी तिला तिसऱ्या ओळीत घेतलं, तरी आदल्या रात्री ताप आला. खरा ताप, थर्मामीटरवर दिसणारा. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याला माझ्या बहिणीकडे गेली होती. त्यांच्या सोसायटीत एक तरुण जोडी मुलांना सर्कशीतले खेळ शिकवायला येत होती. तीन चेंडू हवेत खेळवणं, काठीवर ताटली फिरवणं, गुडघाभर उंचीवर ताणून बांधलेल्या पट्ट्यावरून चालणं असं. शेवटच्या दिवशी मुलांनी सगळ्यांना करून दाखवलं. मी मुद्दाम गेले होते. माझी मुलगी एकटी पुढे आली. चेंडू उडवले, एक पडला. तिने तो उचलला, वाकून नमस्कार केला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा एक पडला, पुन्हा तसाच नमस्कार. आता टाळ्या जास्त. मग शेवटपर्यंत न चुकता केलं. रात्री अंथरुणात मला हळूच म्हणाली, "आई, दुसरा मी मुद्दाम पाडला."

तेव्हापासून घरात लिंबं, बटाटे, मोज्यांचे बोळे, सगळं हवेत असतं. परवा एक लिंबू आमटीच्या पातेल्यात पडलं. सासूबाई म्हणतात, "हे डोंबाऱ्याचे चाळे पोरीच्या जातीला शोभत नाहीत." यजमान म्हणतात, चार दिवसांचं खूळ आहे, आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं काय? आमच्या आसपास असा क्लास नाही. काल तिने विचारलं, "मला सर्कशीत घेतील का?" तिला काय सांगू? हे वाढू द्यावं की वेळीच आवरावं?

उत्तर : तुमच्या मुलीच्या त्या एका वाक्यापाशी मी थांबले. "दुसरा मी मुद्दाम पाडला."

चेंडू उडवता येणं ही हाताची गोष्ट आहे. नेटाने केलं तर बहुतेकांना येतं. पण पहिला चुकून पडला, लोक हसले, आणि त्या गडबडीत या मुलीने ओळखलं की पडलेल्या चेंडूने लोक आपल्याकडे आले आहेत, तर त्यांना आणखी थोडं जवळ आणू. हे शिबिरात शिकवलेलं दिसत नाही, नाहीतर तिने ते गुपित म्हणून सांगितलं नसतं. सर्कशीतले मुरलेले लोक नेमकं हेच करतात. तारेवरून चालणारा पहिल्या फेरीत डगमगतो, झुल्यावरचा अवघड उडीच्या आधी एकदा हुकतो. सगळं पहिल्याच झटक्यात जमलं तर ते अवघड होतं हे बघणाऱ्याला कळतच नाही. एकदा हुकलं की अख्खा तंबू श्वास धरून बसतो, आणि मग जमलं की टाळी थांबत नाही. तुमच्या मुलीला चेंडूंची गोडी लागली आहेच, पण त्याहून जास्त समोर बसलेल्या माणसांची लागली आहे. यजमानांनी खूळ की काय ते ठरवण्याआधी हा फरक त्यांच्या कानावर घाला.

तुम्हाला प्रश्न पडला असेल की नाचाच्या आदल्या रात्री तापाने फणफणणारी मुलगी इथे एकटी कशी उभी राहिली. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत मुलांची नाटकं बसवली, त्यामुळे याचा थोडाफार अंदाज देऊ शकते. बुजऱ्या मुलाला लोकांची भीती कमी वाटते, लोकांच्या नजरेची जास्त वाटते. भाषणात, गाण्यात, नाचात सगळे डोळे थेट चेहऱ्यावर येतात. चेंडू खेळवताना मात्र लोक चेंडूंकडे बघतात. आणि खेळवणाऱ्यालाही लोकांकडे बघून चालत नाही. त्याची नजर चेंडू जिथे सर्वांत वर जाऊन वळतो तिथे लागते. म्हणजे समोर शंभर माणसं असून दोन्ही बाजूंच्या नजरा हवेतल्या एका जागी भेटतात. बोलावं लागत नाही, पाठ केलेलं विसरायची भीती नाही. शिवाय समूहनृत्यात एक पाऊल चुकलं की ओळ बिघडते, शेजारची डोळे वटारते. इथे चूक पूर्ण स्वतःची, आणि ती वाकून उचलता येते. तुमच्या लेकीला तिच्या मापाचं दार सापडलं. आता तिला लगेच वक्तृत्व स्पर्धेत उभी करू नका. "आता भीती गेली ना, मग बोल बघू" असं म्हणणारा कोणीतरी नातेवाईक निघतोच, त्याला आवरा.

त्याहून महत्त्वाचं, पाहुण्यांसमोर "करून दाखव गं" हे वाक्य घरात बंद करा. आपल्याकडे मूल थोडं काही करायला लागलं की चहा-पोह्यांबरोबर त्याचाही एक खेळ ठेवतात. पाहुणे पोहे खात खात "वा वा" म्हणतात, त्यातला अर्धा डोळा मोबाइलवर. तिने पुण्यात चाखलं ते वेगळं होतं. तिथे लोक बघायला म्हणून येऊन बसले होते. घरात तिला तेच द्या. महिन्यातून एखाद्या रविवारी संध्याकाळी पाच-सात मिनिटांचा खेळ. वेळ तिने ठरवायची, चिठ्ठ्या लिहून तिकिटं तिने वाटायची, कोणी कुठे बसायचं तेही तिने सांगायचं. पहिली खुर्ची आजीची. आणि तेवढी मिनिटं घरातल्या सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत. व्हिडिओसुद्धा नको. व्हिडिओ आला की मूल नंतर स्वतःलाच बघत बसतं, आणि समोरच्यांना बघायला विसरतं.

आता लिंबा-बटाट्यांकडे येऊ. ते बंद करा, आमटीसाठी नव्हे, तिच्या हातासाठी. प्रत्येक बटाट्याचं वजन वेगळं, त्यामुळे हाताला एक फेक ठरवता येत नाही. टेनिसचा चेंडू पडला की टप्पे खात पलंगाखाली जातो, मूल शोधण्यातच दमतं. जुन्या मोज्यात किंवा जाड कापडाच्या पिशवीत मूठभर बाजरी भरून घट्ट शिवा. मुठीत बसेल एवढा गोळा, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. पडला की जागेवर बसतो. वजनाच्या काट्यावर तिन्ही सारखे करून घ्या. सराव पलंगासमोर उभं राहून करू दे, म्हणजे पडलेला गोळा पलंगावरच पडेल आणि दरवेळी जमिनीपर्यंत वाकावं लागणार नाही. चेंडू पुढे पुढे पळत असतील आणि त्यांच्यामागे तीही पळत असेल तर काही दिवस भिंतीकडे तोंड करून उभी राहू दे, आपोआप सरळ वर जायला लागतात.

सगळ्या मुलांची एक खोड असते. दुसरा चेंडू वर न फेकता या हातातून त्या हातात सरकवतात. तिथेच गाडी अडते. एक चेंडू उजव्या हातातून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, तो वर जाऊन वळला की त्याच क्षणी डाव्या हातातला तेवढाच उंच. "फेक, फेक, झेल, झेल" असं मोठ्याने म्हणत केलं की लय सापडते. तीनचं पक्कं झाल्यावर ती चारचा हट्ट धरेल. चार हे तीनपेक्षा एकाने जास्त नसतात, त्याची घडणच निराळी. तीन आणि पाच चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात जातात, चारला प्रत्येक हात आपापले दोन सांभाळतो. म्हणून आधी एका हातात दोन चेंडू, उजव्याने, मग डाव्याने. याला वेळ लागतो, लागू द्या. आणि चेंडू पडला की "अगं, पडला!" म्हणू नका. तो पडला हे तिला तुमच्या आधी कळलेलं असतं.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना सागरगोटे आठवतात का विचारा. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे, पालथ्या हातावर झेलायचे. दुपारच्या वेळी ओसरीवर बसून आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या, फक्त बसून आणि कोणी टाळ्या न वाजवता. पाच सागरगोटे आणून नातीच्या हाती द्या आणि तिला म्हणावं, आजीला येतात, तुला येतात का बघ.

पण "डोंबाऱ्याचे चाळे" हे मला नुसतं हसून सोडता येत नाही. ढोलकीच्या तालावर हातात आडवा बांबू धरून दोरावरून चालणारी ती सहा-सात वर्षांची पोर आपण सगळ्यांनी बघितली आहे. तो बांबू शोभेचा नसतो. तो लांब आणि जड असल्यामुळे अंग एकदम कलत नाही, सावरायला तेवढी सवड मिळते. खाली जाळी नाही, शाळा नाही, खेळ झाल्यावर ताटलीत चार नाणी. त्यात वाईट काय असेल तर एवढ्या लहान मुलीच्या जिवावर घर चालतं हे. तिच्या पायातल्या विद्येला नावं ठेवायचं काहीच कारण नाही.

शिवाय मिरजेत बसून सर्कशीला नाकं मुरडायची म्हणजे कमालच. भारतातली पहिली सर्कस तुमच्याच पट्ट्यातल्या माणसाने काढली. विष्णुपंत छत्रे, मूळचे अंकलखोपचे, कुरुंदवाडच्या पटवर्धनांकडे चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवून तयार करणारे. तरुणपणी ते ग्वाल्हेरला जाऊन राहिले, घोड्यांची विद्या आणि गाणं दोन्ही शिकले. गाण्याचे गुरू हद्दू खाँ. पुढे किआरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस मुंबईत आली. त्यातले घोड्यांचे खेळ पाहून छत्र्यांनी मनावर घेतलं, आणि १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली. छत्रे स्वतः घोड्यावर आणि त्यांच्या पत्नी झुल्यावर! पोरीच्या जातीला शोभतं की नाही हा प्रश्न त्या बाईंनी तेव्हाच निकालात काढला होता. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ हलाखीत भटकत होते, त्यांना छत्र्यांनी सांभाळलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. रहिमत खाँ १९२२ साली वारले ते कुरुंदवाडलाच. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, त्याला सासूबाई जात असतील तर त्यांना हेही सांगा की करीम खाँसाहेबांवर ज्यांच्या गाण्याची छाप होती ते रहिमत खाँ सर्कशीच्या आसऱ्याने जगले. तुमच्या शेजारच्या म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस होती. छत्र्यांची सर्कस केरळात तलश्शेरीला गेली, तिथले कळरीचे, म्हणजे केरळी युद्धकलेचे, गुरू कीलेरी कुंजीकण्णन यांना तिचं वेड लागलं, त्यांनी १९०१ मध्ये सर्कशीची शाळाच काढली, आणि पुढची कित्येक वर्षं देशभरातल्या तंबूंमध्ये झुल्यांवर मल्याळी मुलं-मुली दिसत राहिली. एका सुट्टीच्या दिवशी लेकीला कुरुंदवाडला घेऊन जा. कृष्णा-पंचगंगेचा संगम तिथून जवळच, नृसिंहवाडीला दर्शनही होईल. सासूबाई आनंदाने येतील.

"मला सर्कशीत घेतील का" याचं उत्तर तिला खरं खरं द्या : आत्ता नाही, अठरा वर्षांची होईपर्यंत नाही. आपल्याकडे सर्कशींमध्ये नेपाळमधून आणि गरीब भागांतून लहान मुली आणून त्यांना अक्षरशः डांबून ठेवल्याचे प्रकार झाले होते. 'बचपन बचाओ आंदोलन' त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायला सरकारला सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीला हे तिच्या भाषेत कळतं. म्हणावं, काही मुलांना शिकायचं नसताना मारून शिकवायचे, घरी जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून तो नियम आला. शिकायला मात्र कोणतीही बंदी नाही. ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरी-वोडोंगा या जोडशहरात १९७९ पासून फक्त मुलांची सर्कस चालते, तिथली मुलं शाळा शिकत शिकत खेळ करतात. कॅनडात मॉन्ट्रियलला १९८१ पासून सर्कशीची शाळा आहे. हे तिला नकाशावर दाखवा. जायचं म्हणून नव्हे, अशी इतर मुलं जगात आहेत हे कळावं म्हणून.

क्लास नाही म्हणता, पण सांगली-मिरजेत व्यायामशाळा आहेत. दोरीचा मल्लखांब कुठे शिकवतात याची चौकशी करा. लहानपणी मी तोच केला आहे, त्यामुळे माझं थोडं झुकतं माप समजा. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोरी धरून वर चढायचं, दोरीला एकही गाठ न मारता अंगाभोवती तिचे वेढे घेऊन हवेत आसन लावायचं. परदेशी सर्कशींमध्ये छताला रेशमी कापड टांगून जे करतात त्याची ही आपली थोरली बहीण म्हणा. हात, पोट, पाठ यांत जी ताकद येते ती पुढे कशालाही उपयोगी पडते. मल्लखांबाला आता मानही आहे. २०१९ मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि आयुष्यभर हा खेळ शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र व्यायामशाळेत तिला गुण आणि पदकं भेटतील. पायाचा चवडा ताणलेला नसला की गुण कापतात. तिला ते आवडेलही किंवा नाहीही. दोरीवरून उतरल्यावर ती आधी पंचांकडे बघते की लोकांकडे, यावर लक्ष ठेवा. लोकांकडे बघत असेल तर पदकांच्या मागे फार लावू नका, त्यापेक्षा एखाद्या बालनाट्य शिबिरात मूक प्रवेश करायला मिळतो का बघा.

घरात पंख्याच्या हुकाला मात्र दोर, ओढणी, साडी काहीही टांगून लटकू देऊ नका. हूक पंख्याच्या वजनासाठी असतो. लटकून झोका घेतला की अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ बसते. कोणी शिकवणारे भेटलेच तर आधी एक वर्ग बसून बघा. मुलांच्या पाठीवर किंवा मांडीवर जोर देऊन अंग वाकवणारा शिक्षक असेल तर चप्पल घालून निघा.

परीक्षेबद्दल एवढंच की गोळे हे बक्षीस नको आणि शिक्षाही नको. "गणितं झाली तरच" म्हटलं की गणितं वैऱ्यासारखी वाटतात. रोज वीस मिनिटं खेळली म्हणून कोणाची शिष्यवृत्ती बुडत नाही.

प्रश्न : मी अकोल्याचा. मुलगा चौदा वर्षांचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत तोंडातून आगीचा लोळ काढणारी मुलं पाहिली आणि तेव्हापासून त्याला तेच करायचं आहे. बाथरूममध्ये पाणी तोंडात घेऊन फवारा मारण्याचा सराव करतो, मित्रांनी त्याचा व्हिडिओही काढला आहे. परवा दप्तरात रॉकेलची छोटी बाटली सापडली. मी मारलं नाही, पण बाटली काढून घेतली. तो म्हणतो, नीट शिकवणारा शोधून द्या. शोधू का?

उत्तर : नाही. या वयात अजिबात नाही. मारलं नाहीत हे चांगलं केलंत, आणि आता पुढचं त्याला तारीख-वार ठरवून शांतपणे बसवून सांगा, कारण धोका कुठे आहे हे या मुलांना ठाऊकच नसतं. त्यांना वाटतं भाजेल. भाजतंच, वारा फिरला की लोळ उलटून चेहऱ्यावर येतो. पण रॉकेल पातळ असतं. तोंडात धरलेल्यातलं थोडंसं जरी श्वासनलिकेत उतरलं तरी फुप्फुसाला आतून इजा होते, ताप, खोकला, धाप. त्यासाठी ज्योत पेटवायचीही गरज नाही. फवारा मारून झाल्यावर मूल दमून जोरात श्वास आत ओढतं, तेवढं पुरतं. हेही माहीत असू द्या की कोणी चुकून रॉकेल गिळलं तर उलटी करायला लावू नये, उलटी होताना तेच पुन्हा फुप्फुसात जाण्याची भीती असते. थेट दवाखाना गाठायचा.

पण नुसतं नाही म्हणून बाटली लपवलीत तर तो दुसरी आणेल. त्याला रॉकेलशी देणंघेणं नाही. रात्र आहे, ढोल वाजताहेत, गर्दी गोल करून उभी आहे आणि मधल्या मोकळ्या जागेत एकटा मी, हे त्याला हवं आहे. हवं ते चुकीचं नाही. तेच त्याला दुसऱ्या वाटेने मिळू द्या. तुमच्या भागात लाठीकाठी, दांडपट्टा शिकवणारा आखाडा असेल तिथे घाला. बनाटी, म्हणजे दोन्ही टोकांना गोळे असलेली काठी, फिरवायला शिकेल. टोकाला विस्तवाऐवजी रंगीत कापडाचे गोळे किंवा आत दिवे लावलेले गोळे बांधले की अंधारात दोन चक्रं फिरताना दिसतात आणि गर्दी आपोआप मागे सरून जागा करते. पुढच्या गणपतीला ढोल-ताशा पथकापुढे उभं राहण्याइतकी तयारी करून घेऊ असं त्याला सांगा आणि शब्द पाळा. अठरा पूर्ण झाल्यावर तो पुन्हा आगीचं नाव काढेल कदाचित. तोवर त्याला हाताला पट्टा लागल्याशिवाय पट्टा फिरवता येत नाही हे कळलेलं असेल.

प्रश्न : ताई, मी ठाण्याला राहतो. मी अकरा वर्षांचा आहे. आमच्याकडे सर्कस आली होती. मला झुलेवाले आवडले, पण जोकर जास्त आवडला. मला जोकर व्हायचं आहे. मी वर्गात बाकावरून पडून दाखवतो तेव्हा सगळे हसतात आणि बाई ओरडतात. दादा म्हणतो, ज्याला काहीच येत नाही त्याला जोकर करतात. खरं आहे का?

उत्तर : दादाला पुढच्या वेळी झुल्यांचा खेळ नीट बघायला सांग. सगळे झुलेवाले आपापल्या उड्या मारून झाले की शेवटी जोकर शिडी चढतो. तो घाबरतो, शिडीला मिठी मारतो, झुल्यावर चुकीच्या बाजूने बसतो, कोणीतरी त्याची विजार ओढतं, आणि तो ओरडत जाळीत पडतो. आता मला सांग, तेवढ्या उंचीवरून जाळीत कसं पडायचं हे त्याला माहीत नसतं तर? जाळीत पायांवर पडलं तर पाय मुरगळतो, म्हणून पाठीवर पडायला शिकावं लागतं. म्हणजे त्याला झुला येतोच, वर चुकीचं करणं येतं, आणि लोकांना ते खरं वाटेल अशा वेळी करणं येतं. दादाला यातलं एक तरी जमतं का विचार.

आपल्या सर्कशींमध्ये कमी उंचीच्या माणसांना जोकर म्हणून घेत. लोक सुरुवातीला उंचीला हसायचे, ते मला लहानपणीही आवडत नसे. पण चांगला जोकर असला की थोड्या वेळाने लोक उंची विसरून त्याच्या खेळाला हसायला लागत. तूही हे बघ, लोक कशाला हसताहेत. तू पडलास म्हणून हसले तर ठीक. वर्गातल्या कोणाच्या चालण्याची किंवा अडखळत बोलण्याची नक्कल केल्यामुळे हसले, तर तो खेळ फुकटचा आहे आणि त्यात कोणीतरी घरी जाऊन रडतं.

बाई ओरडतात ते बरोबरच आहे. बाकाचा कोपरा डोक्याला लागला तर टाके पडतात. पडायचंच तर घरी गादी जमिनीवर टाकून शीक. आधी गुडघ्यांवर बसून एका कुशीला पड. मांडीची बाजू, मग कंबर, मग खांदा असं क्रमाने टेकायचं. हनुवटी छातीशी. हात पुढे ताठ करून जमिनीवर टेकवायचे नाहीत, मनगट मोडतं. हे झोपेतही येईल इतकं झालं की उकिडवा बसून, आणि कितीतरी नंतर उभं राहून. आई-बाबांपैकी एक जण खोलीत असला पाहिजे.

मग बाईंना सरळ विचार की शनिवारी शेवटच्या तासाला मला पाच मिनिटं द्याल का. तू होऊन मागितलीस तर बहुतेक देतील. त्या पाच मिनिटांत एक शब्दही बोलायचा नाही. मी तुला एक खेळ देते. तुला फक्त खुर्चीवर बसायचं आहे आणि खुर्ची तुला बसू देत नाही. बस, एवढंच. बसायला जातोस तर ती सरकते, तिच्यावर रागावतोस, तिची समजूत काढतोस, तिला फसवून दुसरीकडे बघत बघत हळूच टेकायला जातोस. घाई केलीस तर कोणी हसणार नाही. तुला खरंच बसायचं आहे असं तुला स्वतःला वाटलं पाहिजे. खुर्ची हलकी घे, प्लास्टिकची, हात नसलेली. घडीची लोखंडी घेऊ नकोस, तिच्यात बोट चेमटतं.